अंगणांतील पाला व तो उडविणारें यंत्र

अंगण झाडणें हें आपल्या इकडे नित्याचें काम आहे. सकाळीं उठावें, खराटा हातीं घ्यावा, रात्रीं पडलेलीं आंब्याफणसाचीं पानें एका कोपऱ्यांत लोटावीं आणि मग सडा घालावा, हा क्रम कोंकणांत काय किंवा देशावर काय, आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. आंबा, फणस हीं झाडें आपलीं सर्व पानें एकदम टाकीत नाहींत. साग, पळस, पांगारा यांसारखीं टाकतात. पण तीं कोरड्या दिवसांत टाकतात, आणि त्यांचें पान भुईवर पडतें तेंच मुळीं पापडासारखें वाळलेलें असतें. यामुळें पाल्याची आपणांस कधीं धास्ती वाटत नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ईशान्य भागाची गोष्ट निराळी आहे. तेथें मेपल, ओक इत्यादि वृक्ष घरोघर असतात. शरदृतूंत दिवस लहान होऊं लागले म्हणजे पानाच्या देंठाच्या बुडाशीं पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, पानाकडे जाणारा रस बंद होतो, पान पिवळें किंवा तांबडें होतें आणि अखेर वाऱ्याच्या झुळकीसरशीं गळून पडतें. वर्षभराचीं सर्व पानें ऑक्टोबर व नोव्हेंबर या दोन महिन्यांत खालीं येतात, आणि तीं पावसादंवानें ओलीं होऊन हिरवळीवर चिकटून बसतात. न्यू जर्सीसारख्या संस्थानांत आज पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे काका, मामा अथवा वडील बंधु तेथें असतील. त्यांच्या घराभोंवतीं पाव एकर जागा असली तर ती म्हणजे आपल्या मापानें बरोबर दहा गुंठे झाली. दहा गुंठ्यांतील घोटाभर ओला पाला खराट्यानें लोटणें म्हणजे काय, याची कल्पना ज्यानें खराटा धरला आहे त्यासच येईल. म्हणून तेथें पानें उडविण्याचें यंत्र वापरतात. त्यास ब्लोअर असें म्हणतात, आणि आम्हीहि येथें तोच शब्द योजूं.

हें यंत्र विकत घ्यावयाचें तर कसें पारखून घ्यावें, हा या लेखाचा विषय आहे. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं फारच थोड्यांवर तें घेण्याचा प्रसंग येईल, हें आम्ही जाणतों. तरीपण पदार्थविज्ञानाच्या तासाला जे नियम आपण घोकतों ते बाजारांत कोठें उपयोगीं पडतात हें दाखविण्यास याहून सोयीचें यंत्र क्वचितच सांपडेल. दुकानांतील खोक्यावर मोठमोठे आंकडे छापलेले असतात, आणि ज्यास ते वाचतां येत नाहींत त्याचे पैसे व्यर्थ जातात. शिवाय, या यंत्राच्या निवडीशीं शेजाऱ्याच्या कानांचा व तें दिवसभर पाठीवर वाहणाऱ्या मजुराच्या प्रकृतीचा संबंध आहे. तेव्हां हा केवळ खरेदीचा प्रश्न नव्हे.

यंत्राची रचना अगदीं साधी आहे. शंखासारख्या वळत गेलेल्या एका पेटींत पात्यांचें एक चक्र वेगानें फिरतें. चक्राच्या मध्यभागीं हवा आंत ओढली जाते, पात्यांबरोबर गरगर फिरून परिघाकडे फेंकली जाते, आणि पेटीच्या वळणानें एकत्र होऊन लांब नळीच्या तोंडांतून बाहेर पडते. चक्र फिरविण्यास विजेचें मोटर असो अथवा पेट्रोलचें इंजिन असो, वारा उत्पन्न होण्याची रीत एकच.

आतां खोक्यावरील पहिला आंकडा घेऊं. तो बहुधा वाऱ्याच्या वेगाचा असतो, व तासास इतके मैल असा दिलेला असतो. दुसरा आंकडा हवेच्या परिमाणाचा, म्हणजे मिनिटास किती घनफूट हवा बाहेर पडते याचा. विकणारा पहिला आंकडा मोठ्या अक्षरांत छापतो. कारण ताशीं दोनशें मैल म्हटलें कीं झंझावात डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु नुसत्या वेगानें पाला हालत नाहीं. चुलीपुढें बसून फुंकणीनें जाळ पेटविणाऱ्या आपल्या आईचें उदाहरण घ्या. फुंकणीच्या तोंडाशीं वाऱ्याचा वेग चांगलाच असतो, निखारा लालबुंद होतो. पण त्याच फुंकणीनें कोणी अंगण झाडूं म्हणेल तर तो हास्यास्पद होईल. उलट, खळ्यावर धान्य उपणणारा शेतकरी वावडीवर उभा राहून ज्या वाऱ्याची वाट पाहतो तो वारा काय तो मंदच असतो, पण त्याचा विस्तार मोठा असतो. म्हणून भुसाचे ढीगच्या ढीग तो एकीकडे नेऊन टाकतो. पाला हलविण्यास वेगहि पाहिजे व परिमाणहि पाहिजे. आणि दोहोंचा मेळ कसा आहे, हें गुणाकार केल्याखेरीज कळत नाहीं.

हा गुणाकार न्यूटनच्या दुसऱ्या नियमांत सांगितलेलाच आहे. दर सेकंदास बाहेर पडणाऱ्या हवेच्या वस्तुमानास तिच्या वेगानें गुणिलें म्हणजे वाऱ्याचा रेटा निघतो. उदाहरणार्थ दोन यंत्रें घेऊं. पहिल्यावर ताशीं १२० मैल व मिनिटास ५०० घनफूट असे लिहिलेलें आहे. दुसऱ्यावर ताशीं २०० मैल व मिनिटास २५० घनफूट. एक घनमीटर हवेचें वस्तुमान सुमारें १·२ किलोग्रॅम असतें. पहिल्या यंत्रांतून सेकंदास ०·२८ किलोग्रॅम हवा सुमारें ५४ मीटर वेगानें निघते. रेटा १५ न्यूटन. दुसऱ्यांतून ०·१४ किलोग्रॅम हवा सुमारें ८९ मीटर वेगानें निघते. रेटा १२·७ न्यूटन. म्हणजे ज्यावर मोठा वेग छापला आहे तेंच दुबळें ठरलें! एवढ्यावरच हें थांबत नाहीं. हवेंत घातलेली शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. त्यामुळें पहिलें यंत्र हवेंत सुमारें ४०० वॅट घालतें, तर दुसरें सुमारें ५६५ वॅट. अधिक शक्ति खाऊन कमी काम करणारें यंत्र कोणता शहाणा मनुष्य घेईल? पण वेगाच्या आंकड्यास भुलून तें घेणारे पुष्कळ निघतात.

येथें एक शंका कोणी चौकस विद्यार्थी काढील. वेगवान वारा दूरवर तरी पोहोंचत असेल कीं नाहीं? तर तसेंहि नाहीं. मोकळ्या हवेंत शिरलेला वाऱ्याचा झोत आजूबाजूची स्थिर हवा आपल्याबरोबर ओढीत जातो, रुंद होतो व मंदावतो. नळीच्या तोंडापासून कांहीं अंतर गेल्यावर झोताच्या मध्यावरील वेग हा मूळ वेग व तोंडाचा व्यास यांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत असतो. आपल्या पहिल्या यंत्राच्या तोंडाचा व्यास हिशेबानें ७·५ सेंटिमीटर निघतो व दुसऱ्याचा ४·१. गुणाकार करून पाहावा: ५४ गुणिलें ७·५ म्हणजे ४०५, आणि ८९ गुणिलें ४·१ म्हणजे ३६५. दोनतीन मीटर दूर, जेथें पाला असतो तेथें, मंद म्हणविणाऱ्या यंत्राचाच वारा अधिक वेगवान असतो. बारीक तोंडाचा उपयोग नाहीं असें नव्हे. फरशीच्या भेगांतील कचरा किंवा जमिनीस चिकटलेलें ओलें पान खरवडून काढण्यास तें फार उत्तम. म्हणूनच चांगल्या यंत्राबरोबर एक रुंद गोल व एक चपटें अशीं दोन तोंडें देतात, तीं बदलतां येतात.

सुदैवानें अमेरिकेंत या यंत्रांच्या मोजमापाचा एक ठराव झालेला आहे व त्यांत वाऱ्याचा रेटा न्यूटनमध्यें सांगण्याची रीत घालून दिली आहे. हा आंकडा सर्व खोक्यांवर ठळक नसतो, पण पुस्तिकेंत शोधल्यास पुष्कळदां सांपडतो. तो सांपडल्यास बाकीचे दोन आंकडे बाजूस ठेवावे. कारण कित्येक विक्रेते मोठ्यांत मोठा वेग बारीक तोंड बसवून मोजतात आणि मोठ्यांत मोठें परिमाण नळी काढून मोजतात, आणि दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं असे छापतात कीं, वाचणाऱ्यास तीं दोन्ही कामें यंत्र एकाच वेळीं करीत असावें असें वाटावें. हें खोटें बोलणें नव्हे. पण खरें बोलणेंहि नव्हे. आमच्या मतें दहा गुंठ्यांच्या अंगणास १२ ते १८ न्यूटनच्या दरम्यान रेटा असला म्हणजे पुरे. त्याहून अधिक घेतल्यास वजन, आवाज व किंमत हीं तिन्ही वाढतात, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें तितकाच रेटा मनगटावर उलट बसतो हेंहि ध्यानांत ठेवावें.

यानंतर शक्ति कोठून आणावयाची हा प्रश्न. भिंतींतील विजेवर लांब तार जोडून चालणारें यंत्र सर्वांत स्वस्त असतें, वजनांत हलकें असतें, व त्याची शक्ति मध्येंच संपत नाहीं. त्याचा दोष तारेचा. तार झाडाझुडपांत गुंतते, ओल्या गवतांतून न्यावी लागते. म्हणून बाहेरच्या उपयोगासाठीं केलेली तार व जीव वांचविणारा सुरक्षा-स्विच असलेलें विजेचें तोंड हीं असल्याखेरीज तें वापरूं नये. आणि तार घरांतील कोणतीहि चालेल असेंहि नाहीं. तिकडील वीज १२० व्होल्टची असते, व असें यंत्र १२ अँपिअर प्रवाह ओढतें. शंभर फूट लांबीची, तिकडील सोळा नंबरची तार घेतली तर जाऊन-येऊन दोनशें फुटांचा अवरोध सुमारें ०·८ ओहम होतो. ओहमच्या नियमानें ९·६ व्होल्ट तारेंतच खर्च होतात, म्हणजे शेंकडा आठ. आणि शंभरांवर वॅट तार तापविण्यांत जातात. बारा नंबरची तार (नंबर लहान तितकी तार जाड, ही तिकडची उलटी रीत) घेतल्यास हीच तूट चार व्होल्टांच्या आंत येते. स्वस्त यंत्र घेऊन त्यास बारीक तार जोडणें म्हणजे बैल चांगला घेऊन आंस मोडका ठेवण्यासारखें आहे.

बॅटरीवर चालणारें यंत्र आज बहुतेक कुटुंबांस पसंत पडतें व आमचाहि कल तिकडेच आहे. तथापि तेथेंहि आंकड्यांची फसगत आहेच. बॅटरीवर ४० व्होल्ट असें लिहिलेलें असतें. आंत लिथियमचे दहा घट एकामागून एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा नेहमींचा दाब ३·६ व्होल्ट, म्हणजे एकूण ३६. नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा दाब थोडा वेळ चाळिसाच्या वर जातो, म्हणून तो मोठा आंकडा छापतात. नुसत्या व्होल्टवरून बॅटरीचा सांठा कळतच नाहीं. विहिरीची खोली सांगितली पण रुंदी सांगितली नाहीं, तर पाणी किती हें कोण सांगेल? व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा, म्हणजे वॅट-तास निघतात. ३६ व्होल्ट व ५ अँपिअर-तास यांची बॅटरी म्हणजे १८० वॅट-तासांचा सांठा. यंत्र पूर्ण जोरांत ९०० वॅट खात असेल तर तो सांठा अवघ्या १२ मिनिटांत संपतो.

बारा मिनिटें ऐकून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पंख्याचा एक नियम असा आहे कीं, त्यास लागणारी शक्ति फेऱ्यांच्या घनाप्रमाणें बदलते. चक्र दोनतृतीयांश वेगानें फिरविलें तर शक्ति दोनतृतीयांशाचा घन, म्हणजे २७ पैकीं ८ हिस्से लागते. आपल्या यंत्रास ९०० च्या ऐवजीं २६७ वॅट पुरतात आणि तीच बॅटरी ४० मिनिटें चालते. वाऱ्याचा रेटा मात्र वर्गाप्रमाणें, म्हणजे २७ पैकीं १२ हिस्से उरतो. वाळलेल्या पानांस तो पुरेसा होतो. म्हणून चाप हळूहळू दाबतां येतो कीं केवळ चालू व बंद एवढेंच होतें, हें खरेदीच्या वेळीं अवश्य पाहावें. पूर्ण जोराची एक वेगळी कळ कित्येक यंत्रांवर असते. ती ओल्या पानांच्या गठ्ठ्यापुरती राखून ठेवावी. एकाच कारखान्याची बॅटरी त्याच्या गवत कापण्याच्या व कुंपण छाटण्याच्या यंत्रांसहि बसते. घरांत तशी बॅटरी आधींच असेल तर नुसतें यंत्र घेतां येतें व खर्च पुष्कळ वांचतो. सरतेशेवटीं बॅटरीची किंमत यंत्राच्या किंमतीच्या बरोबरीस येते, हें पुष्कळांस पहिली बॅटरी म्हातारी झाल्यावर समजतें.

आतां पेट्रोलचें यंत्र. त्याच्या इतिहासाविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. पाठीवरील इंजिनाच्या वाऱ्यानें पानें झाडण्याची ही कल्पना जपानी इंजिनिअरांची. १९७० नंतरच्या दशकांत तीं यंत्रें अमेरिकेंत आलीं. कॅलिफोर्नियांत त्या दशकांत अवर्षण पडलें. पाण्याच्या झोतानें अंगण धुण्यास मनाई झाली, आणि पाण्याच्या जागीं वारा आला. पण त्याचा गोंगाट लोकांस असह्य होण्यास वेळ लागला नाहीं. त्याच संस्थानांतील कार्मेल-बाय-द-सी या गांवानें १९७५ सालींच त्यास बंदी केली व थोड्याच वर्षांत बेव्हर्ली हिल्सनेंहि तोच मार्ग धरला.

या यंत्रांत बहुधा दोन ठोक्यांचें इंजिन असतें. त्यास वेगळें तेलपात्र नसतें; पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें, पुष्कळ यंत्रांस पन्नासास एक या प्रमाणांत, म्हणजे पांच लिटर पेट्रोलांत १०० मिलिलिटर तेल. इंजिन हलकें व जोरकस असतें, कसेंहि तिरपें धरलें तरी चालतें, हे त्याचे गुण. दोष असा कीं, जळलेला धूर बाहेर घालविण्यासाठीं नवें मिश्रण आंत येत असतां त्यांतील बराच भाग, जुन्या बनावटीच्या इंजिनांत पाव हिश्श्याच्या आसपास, न जळतांच धुराबरोबर निघून जातो. म्हणजे तेलपेट्रोलाची वाफ वापरणाऱ्याच्या नाकाखालीं सोडली जाते. एडमंड्स या मोटारींची परीक्षा करणाऱ्या संस्थेनें २०११ सालीं एक प्रयोग केला होता. असें दोन ठोक्यांचें एक यंत्र अर्धा तास चालविलें असतां जितकीं हायड्रोकार्बन द्रव्यें हवेंत गेलीं, तितकीं जाण्यास फोर्ड कंपनीचा एक दांडगा मालट्रक टेक्सासहून अलास्कापर्यंत ३,९०० मैल चालवावा लागेल, असा हिशेब निघाला. ही तुलना वाचतांना विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें कीं, ती एका प्रकारच्या द्रव्याची आहे. ट्रकानें तेवढ्या प्रवासांत पेट्रोल अर्थातच शेंकडों पटींनीं अधिक जाळलें असतें. पण जें नाकांत जातें त्याविषयीं ती तुलना खरी आहे. वॉशिंग्टन शहरांत १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलचे ब्लोअर विकण्यास व वापरण्यास बंदी झाली. कॅलिफोर्नियांत २०२१ सालीं कायदा झाला व त्यास अनुसरून २०२४ पासूनच्या बनावटीच्या बहुतेक लहान इंजिनांस धूर न सोडण्याची अट घातली गेली. जुनीं यंत्रें वापरण्यास त्या कायद्यानें अडथळा केला नाहीं. इतरत्र गांवोगांवचे नियम वेगळाले आहेत, म्हणून खरेदीपूर्वीं आपल्या नगरपालिकेचा नियम विचारून घ्यावा.

आवाजाचा विचार स्वतंत्रपणें केला पाहिजे. यंत्रावर लिहिलेला डेसिबलचा आंकडा बहुधा पन्नास फुटांवरून मोजलेला असतो, म्हणजे तो शेजाऱ्याचा आंकडा असतो, मालकाचा नव्हे. मोकळ्या जागीं अंतर निम्में केलें कीं आवाज सहा डेसिबलनें वाढतो. पन्नास फुटांवर ६५ असलेलें यंत्र पंचवीस फुटांवर ७१, साडेबारांवर ७७, सव्वासहांवर ८३ आणि तीन फुटांवर, जेथें वापरणाऱ्याचा कान असतो तेथें, ८९ होतें. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस अशी आहे कीं, ८५ डेसिबल आवाजांत दिवसास आठ तासांहून अधिक राहूं नये, व दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी करावी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला अवघीं पंधरा मिनिटें. आपलें अंगण आठवड्यांतून अर्धा तास झाडणाऱ्या गृहस्थास यांतून फारसा धोका दिसत नाहीं. पण पाठीवर यंत्र बांधून सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरामागून घर झाडीत जाणाऱ्या मजुराचें काय? त्याच्या कानांस बोळे आहेत कीं नाहींत हें कामावर बोलावणारा क्वचितच पाहतो. पेट्रोलच्या इंजिनाचा घुमणारा जाड आवाज खिडक्या लावल्या तरी घरांत शिरतो, कारण मंद कंपनांस भिंती सहसा अडवीत नाहींत. विजेच्या यंत्राचा बारीक सूर जवळ कर्कश वाटला तरी भिंतीआड लवकर विरतो. घरीं तान्हें मूल, रुग्ण अथवा रात्रपाळी करून झोंपलेला मनुष्य असेल, तर हा भेद किती महत्त्वाचा आहे हें सांगावयास नको.

या सर्व गोष्टींचा विचार करतां पाव एकर अंगणासाठीं पेट्रोलचें यंत्र घेण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. अंगण लहान व विजेचें तोंड जवळ असेल तर तारेचें घ्यावें, नाहींपेक्षां बॅटरीचें. ज्यांचीं कित्येक एकरांचीं रानें आहेत त्यांचा प्रश्न वेगळा.

दुकानांत गेल्यावर यंत्र खोक्यांत पाहूं नये, हातांत घ्यावें, आणि तेंहि बॅटरी बसवून. हातांत धरावयाचें बॅटरीचें यंत्र तीनपासून पांच किलोपर्यंत भरतें. पहिलें मिनिट तें हलकेंच वाटतें. हात खालीं सोडून उभें राहिलें असतां नळी आपोआप थोडी पुढें झुकावी. ती वर तोंड करीत असेल अथवा जमिनीस टेकत असेल, तर सारा वेळ मनगट तिला सांवरीत बसतें. हवा आंत घेण्याची जाळी कोणत्या बाजूस आहे तेंहि पाहावें. कांहीं यंत्रें वापरणाऱ्याचा सदरा किंवा विजारच ओढून घेतात. पाला ओढून, चिरडून पिशवींत भरणारींहि यंत्रें असतात. फुलांच्या वाफ्यांतील थोडा वाळलेला पाला गोळा करण्यास तीं बरीं, आणि चिरडलेल्या पाल्याचें खत लवकर होतें. पण ओल्या पानांनीं नळी तुंबते, व एखादा खडा आंत गेला तर प्लॅस्टिकचीं पातीं तुटतात. मुख्य काम त्यांवर सोंपवूं नये.

आणखी एक गोष्ट आहे, ती विकणारा कधीं सांगणार नाहीं. सर्व पाला उचलण्याची गरजच नसते. हिरवळीवर जाड थर राहिला तर खालचें गवत उजेडावांचून गुदमरतें, हें खरें. पण पातळ थर गवत कापण्याच्या यंत्रानें तेथल्या तेथें चिरून टाकला, तर तो कुजून जमिनींत जातो. मिशिगन स्टेट विद्यापीठांत असे प्रयोग झाले आहेत व हिरवळीस त्यापासून अपाय झाल्याचें आढळलें नाहीं. झाडांच्या बुंध्याशीं व झुडपांखालीं तर पाला ठेवावाच. काजव्यांच्या अळ्या त्याच्या ओलाव्यांत हिवाळा काढतात. लूना नांवाचा पोपटी रंगाचा सुंदर पतंग आपला कोश त्याच पानांत गुंडाळून ठेवतो. तो पाला पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवला कीं पुढील उन्हाळ्यांतले काजवेहि त्याबरोबर गेले. तेव्हां यंत्र घ्यावें तें वाटा, पायऱ्या, पन्हळी व हिरवळ यांपुरतें. हा हिशेब आधीं केला म्हणजे लहान यंत्र पुरतें, असा अनुभव येतो.

वापरण्याची रीत थोडक्यांत सांगतों. दंव वाळल्यावर, दुपारीं काम करावें. वाळलेलें पान निम्म्या जोरानें उडतें. वारा वाहत असेल त्याच दिशेनें जावें. नळी जमिनीशीं तिरपी धरून पाल्याच्या कडेखालीं झोत घालावा, म्हणजे थर चटईसारखा उलटत जातो. वरून झोत मारल्यास पानें चहूंकडे उधळतात. मोठें फडकें अंथरून त्यावर ढीग लोटला तर तो ओढून नेतां येतो. डोळ्यांवर चष्मा व कानांत बोळे असावेत. धूळ फार असल्यास नाकातोंडावर पट्टी बांधावी, कारण वाऱ्याबरोबर बुरशी व वाळलेली विष्ठाहि उडते, आणि दमेकऱ्यास ती सोसत नाहीं. पाला रस्त्यावरील गटारांत लोटूं नये. तेथें तो पाणी तुंबवितो आणि कुजून ओढ्यांत शेवाळ वाढवितो. कोणी मूल किंवा कुत्रें जवळ आलें कीं चाप सोडावा.

हंगाम संपल्यावर बॅटरी यंत्रांतून काढून घरांत, थंड व कोरड्या जागीं, निम्मी भरलेली अशी ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनेच्या महिने ठेवल्यास ती लवकर थकते. न्यू जर्सीच्या हिवाळ्यांत बाहेरच्या छपरींत पारा शून्याखालीं जातो. तशा गारठलेल्या बॅटरीस लगेच वीज भरण्यास लावूं नये, कारण त्यानें आंतील घटांस कायमची इजा होते. ती घरांत आणून दोनतीन तास तशीच राहूं द्यावी व मग भरावी. आणि तिकडील तारेचें जुनें यंत्र कोणी सामानांत घालून इकडे आणूं म्हणेल, तर त्यास वेळींच सांगावें कीं तें १२० व्होल्टसाठीं केलेलें आहे व आपल्या घरांत वीज २३० व्होल्टची असते. कळ दाबतांच तें जळेल.